‘थ्री-नॉट-थ्री’ आहे एवढे कळते, पण नेमकी कोणती? जुन्या बोल्ट-अॅक्शन रायफलची ओळख आणि जुळणारे सुटे भाग

सावकाश (मूळ प्रश्न)

नमस्कार.

माझ्या चुलत आजोबांची एक जुनी बोल्ट-अॅक्शन रायफल परवान्याचे सगळे सोपस्कार पूर्ण झाल्यावर या वर्षी माझ्या ताब्यात आली आहे. आजोबा तिला आयुष्यभर नुसतेच ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणत आले आणि आम्हीही तेच म्हणत आलो. पण सुटे भाग मागवायला बसल्यावर एवढ्या नावाने भागत नाही, हे दोनदा पैसे वाया गेल्यानंतर कळले. म्हणून जाणकारांना विचारत आहे.

रायफलची आजची अवस्था अशी आहे. पुढचे लाकूड कुणीतरी शिकारी रायफलच्या धर्तीवर निम्म्यावर कापले आहे, नळीच्या वरचे लाकडी आवरण नाही आणि तोंडाकडचे मूळचे लोखंडी टोपणही काढून टाकलेले आहे. कुंदा आणि पुढचे लाकूड हे दोन वेगळे तुकडे असून त्यांच्या मधोमध पोलादी कडे आहे. मॅगझिन नाही. बोल्टच्या, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या, टोकाशी आट्यांवर जो तुकडा बसतो, त्याच्या तोंडावर बारीक खड्डे पडले आहेत, आणि काडतुसाची कड धरून ओढणारा आकडा लुळा पडला आहे, कारण त्याच्या इवल्याशा स्प्रिंगचा अर्धाच भाग जागेवर उरला आहे.

खुणा मला दिसतात त्या अशा: पोलादी कड्याच्या उजव्या अंगाला मुकुट, त्याखाली झिजलेली अक्षरे, त्यांपैकी शेवटची दोन ‘आर. आय.’ अशी वाटतात. मग १९४ आणि पुढचा अंक अस्पष्ट. मग तीन उभ्या रेघा. नळीवर ‘नायट्रो प्रूव्ह्ड’, ‘.३०३’, ‘२.२२२’ आणि ‘१८.५ टन’. कुंद्याच्या वरच्या कडेवर ‘एल’ हे अक्षर. बोल्टच्या मुठीमागचा क्रमांक आणि मुख्य सांगाड्यावरचा क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत.

एका विक्रेत्याने ‘एन्फील्डसाठी’ म्हणून पाठवलेला बोल्टच्या टोकाचा तुकडा पहिल्या आट्यालाच अडतो. त्याच्यावर २ हा आकडा कोरलेला आहे. त्याच्याचकडचे मॅगझिन आत जाते, पण पकडीत अडकत नाही, हात काढला की खाली येते.

माझा अंदाज असा होता की २.२२२ हा मॉडेलचा क्रमांक असावा आणि ‘एल’ म्हणजे लंडन. तो बरोबर आहे का, कोणते भाग मागवावेत, आणि ही रायफल मैदानावर वापरण्याजोगी आहे की नाही हे कसे ठरवावे, याविषयी मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

तेलाची चिंधी

आपले दोन्ही अंदाज चुकले आहेत, पण वाईट वाटून घेऊ नये. या दोन खुणांनी आजवर पुष्कळांना चकवले आहे.

२.२२२ ही काडतुसाच्या पितळी नळकांड्याची इंचांतली लांबी आहे. १८.५ टन हा दर चौरस इंचावरचा दाब. ब्रिटनमध्ये जुनी लष्करी हत्यारे नागरिकांना विकायची झाली की आधी ती सरकारमान्य चाचणीगृहात जादा दाबाच्या काडतुसाने तपासून घ्यावी लागत, आणि उत्तीर्ण झालेल्या नळीवर हे शिक्के बसत. म्हणजे हे शिक्के रायफलचा प्रवास सांगतात, जन्म सांगत नाहीत. एखाद्या जुन्या ट्रंकेवरची रेल्वेची लेबले वाचून ट्रंक कुठल्या सुताराने केली ते ओळखायला जावे, तसे ते होईल. शिवाय ती चाचणी त्या दिवशीची होती; त्यानंतर कुणी काय बदलले, हे शिक्क्याला माहीत नसते.

‘एल’ म्हणजे ‘लाँग’. या रायफलींचे कुंदे सैनिकाच्या हाताच्या लांबीप्रमाणे वेगवेगळ्या मापांत मिळत: नेहमीचा, त्याहून अर्धा इंच लांब तो ‘एल’, अर्धा इंच आखूड तो ‘एस’ आणि एक इंच आखूड तो ‘बी’. आजोबा उंच होते का? नसतील तर नेम धरताना मान पुढे ताणावी लागत असेल.

कड्यावरची अक्षरे बहुधा ‘जी. आर. आय.’ आहेत. ही कंपनी नव्हे. ‘जॉर्जियस रेक्स इंपरेटर’, म्हणजे राजा आणि सम्राट जॉर्ज, याची ती आद्याक्षरे असून बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्यात तयार झालेल्या सांगाड्यांवर ती मुकुटाखाली आढळतात. स्वातंत्र्यानंतर त्याच कारखान्याने ‘आर. एफ. आय.’ ही स्वतःची आद्याक्षरे वापरली. इंग्लंडमधल्या कारखान्यांच्या रायफलींवर नुसते ‘जी. आर.’ असते आणि खाली कारखान्याचे नाव असते.

मात्र एका झिजलेल्या शिक्क्यावर भिस्त ठेवू नये. लाकूड कापलेले असले तरी पोलाद खोटे बोलत नाही, म्हणून पुढील गोष्टी पाहून कळवाव्यात. त्याआधी बोल्ट काढून नळीतून आरपार उजेड दिसतो याची खात्री करावी. हे लिहिण्याची गरज नसेलही, पण मी दर वेळी लिहितो.

बोल्ट बाहेर कसा निघतो? पूर्ण मागे ओढल्यावर त्याचे टोक बोटाने वर उचकटून, कड्कन सोडवून काढावे लागते, की मागच्या बाजूला एक लहान खटका खाली दाबावा लागतो, की पट्टीत पुढच्या बाजूला एक खाच आहे आणि तिथे आणून टोक वर फिरवता येते? ली-एन्फील्ड रायफलींचे नंबर १ आणि नंबर ४ असे दोन प्रकार आहेत. पहिली तऱ्हा नंबर १ची, दुसरी नंबर ४ मार्क १ची, तिसरी नंबर ४ मार्क १ स्टारची. नंतर नळीचे तोंड पाहा. नंबर ४ला संगीन थेट नळीवर बसत असे, त्यामुळे कितीही कापाकापी केली तरी नळीवरच दोन ठळक खुंट्या दिसतात, अर्थात कुणी नळीच कापली नसेल तर. नंबर १ची संगीन तोंडाकडच्या लोखंडी टोपणावर बसे. ते टोपण गेले की नळीचे तोंड साधे, गुळगुळीत उरते. शेवटी मागचा नेम कुठे आहे ते सांगा: नळीवर, लाकडाच्या मध्याजवळ, की अगदी मागे, डोळ्याजवळ?

शिक्का वाचण्यासाठी पॉलिश पेपर, वायर ब्रश किंवा चिंच वगैरे काहीही लावू नका. खोलीत अंधार करा, टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा आणि हळूहळू फिरवा. अक्षरांच्या कडांची सावली पडते आणि झिजलेले अंकही उठून दिसतात.

सावकाश

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. आजोबा उंच नव्हते. त्यांच्या मानेविषयीचा आपला तर्क मला आठवणीतल्या छायाचित्रांवरून पटतो.

काल रात्री टॉर्च धरून बसलो. कड्यावर ‘जी. आर. आय.’ स्पष्ट वाचता आले, त्याखाली ‘इशापूर’, मग १९४२, आणि तीन रेघांच्या पुढे एक चांदणी निघाली; ती आजवर मला गंजाचा डाग वाटत होती. बोल्टचे टोक वर उचकटूनच काढावे लागते. नळीच्या तोंडावर खुंट्या नाहीत. मागचा नेम नळीवर आहे आणि त्याच्या पट्टीच्या खालच्या अंगाला एक क्रमांक सापडला. तो सांगाड्याच्या क्रमांकाशी जुळतो. पुढच्या लाकडात एक आडवा स्क्रू आरपार गेलेला आहे. कुणीतरी तडा बुजवण्यासाठी घातला असेल असे मला वाटते.

तेलाची चिंधी

मग शंका उरत नाही. शॉर्ट मॅगझिन ली-एन्फील्ड, मार्क ३ स्टार, इशापूर, १९४२. १९२६ साली नावांची पद्धत बदलल्यापासून हिलाच नंबर १ मार्क ३ स्टार म्हणतात, त्यामुळे दोन नावे वाचून दोन रायफली समजू नयेत. मूळ मार्क ३ हा १९०७चा. पहिल्या महायुद्धात उत्पादन वेगाने व्हावे म्हणून त्यातले काही भाग वगळले, जसे एकेक काडतूस भरताना मॅगझिन झाकून ठेवणारी सरकती पट्टी आणि लांब पल्ल्याचा बाजूचा नेम, आणि नावापुढे चांदणी लागली.

तो आडवा स्क्रू तडा बुजवण्यासाठी नाही. लाकूड फाटू नये म्हणून इशापूरला असा मजबुतीचा स्क्रू घालत. आपल्या रायफलीचे कापलेले लाकूडही निदान मुळात तिथलेच आहे, याचा तो पुरावा.

नेमपट्टीचा क्रमांक जुळला ही चांगली बातमी आहे. याचा अर्थ नळी, नेम आणि सांगाडा बहुधा एकत्र राहिले आहेत आणि बोल्ट तेवढा दुसरीकडून आला आहे. आता भागांविषयी ‘आटेवाला’ यांनी लिहावे. हा विषय त्यांचा आहे.

आटेवाला

बोलावल्याबद्दल धन्यवाद; येणारच होतो.

सावकाश, आपल्याकडे आलेल्या त्या तुकड्यावरचा २ हा आकडाच सगळे सांगून जातो. नंबर ४चे बोल्ट हेड, म्हणजे तोच टोकाचा तुकडा, ०, १, २ आणि ३ अशा चार मापांत तयार होत. आकडा वाढला की लांबी किंचित वाढते, आणि बोल्ट व नळी यांच्यामधले अंतर जुळवण्यासाठी त्यांतले योग्य ते निवडायचे. नंबर १साठी अशी आकड्यांची चढती मालिका नाही. तिथे आर्मरर, म्हणजे सैन्यातला शस्त्र-कारागीर, हातातल्या डब्यातून एकेक लावून पाहत असे. दोन्हींचे आटे वेगळे आहेत, त्यामुळे एकाचे हेड दुसऱ्याच्या बोल्टमध्ये जात नाही. आपण जोर लावला नाही हे फार चांगले केले. पान्यात धरून फिरवलेली अशी बोल्टे मी पाहिली आहेत. मग हेडही जाते आणि बोल्टही.

मॅगझिनचे तेच. मागच्या बाजूची कड पकडीत ज्या ठिकाणी अडकायला हवी, तिची ठेवण दोन्ही रायफलींत सारखी नाही. आत जाणे आणि अडकणे यांत फरक असतो. मागवताना ‘नंबर १ मार्क ३, .३०३’ एवढे सगळे शब्द लिहून मागवा. ‘इशापूर’ असा शब्द तर चुकूनही एकट्याने वापरू नका, कारण त्याच कारखान्याने पुढे १९६०च्या दशकात ७.६२ मिलिमीटर नाटो काडतुसासाठी २ए आणि २ए१ या रायफली काढल्या. दिसायला त्या आपल्या रायफलीच्या सख्ख्या बहिणी, पण त्यांचे मॅगझिन १२ काडतुसांचे, खालून काटकोनी, आणि तेही बाजारात ‘इशापूर मॅगझिन’ याच नावाने फिरत असते. आपल्याला हवे ते १० काडतुसांचे, खालची रेघ तिरकी असलेले.

स्क्रूंबद्दल एक वाक्य. एन्फील्डचे आटे हे एन्फील्डचेच आटे आहेत. हार्डवेअरमधला कुठलाही स्क्रू ‘जवळपास’ बसतो आणि त्या जवळपासनेच भोक नासते. जुना स्क्रू झिजला असेल तरी तोच ठेवा, नवा मूळचा मिळेपर्यंत.

कानसवीर

एवढे कशाला? आटे थोडेसे कापून घेतले किंवा हेडचा मागचा भाग कानसेने उतरवला तर ते नंबर ४चे हेडही बसवता येईल. माझ्या ओळखीच्या एकाने असे केले आहे आणि त्याची रायफल उत्तम चालते.

जुना आर्मरर

कानसवीर यांचा हेतू मदतीचा आहे हे मान्य करूनही हा सल्ला कुणी पाळू नये, असे मला स्पष्ट लिहावे लागेल. त्यांच्या ओळखीच्या गृहस्थांची रायफल अजून चालते, एवढेच त्यातून सिद्ध होते. बोल्ट हेड हा काडतुसाच्या पाठीला टेकणारा तुकडा आहे. गोळी सुटते त्या क्षणी मागे येणारा सगळा धक्का आधी त्याच्यावर येतो आणि त्याच्यामागे नेम धरणाऱ्याचा गाल असतो. त्याच्या आट्यांशी खेळ नको.

आता मूळ प्रश्नाकडे. .३०३चे काडतूस हे कडेचे, म्हणजे बुडाला बाहेर आलेली रिंग असलेले काडतूस आहे आणि ते चेंबरमध्ये त्या कडेवर टेकून राहते. बोल्ट बंद असताना हेडचे तोंड आणि नळीचा मागचा काठ यांच्यामध्ये त्या कडेसाठी जी फट राहते, तिला हेडस्पेस म्हणतात. लष्करी सेवेत या रायफलींसाठी ती ०.०६४ इंचापेक्षा कमी नसावी आणि ०.०७४ इंचापेक्षा जास्त नसावी, असा दंडक होता. पहिल्या मापाच्या पोलादी चकतीवर बोल्ट सहज बंद झाला पाहिजे आणि दुसऱ्या मापाच्या चकतीवर बंद होता कामा नये. तपासताना बोल्टमधून काडतूस ओढणारा आकडा आणि शक्य असल्यास स्ट्रायकर, म्हणजे काडतुसावर आदळणारी आतली पिन, काढून ठेवावा, बोटाच्या हलक्या दाबानेच बोल्ट फिरवावा. मुठीवर तळहात ठेवून दाबले तर पोलादही थोडे माप देते आणि चुकीचे उत्तर मिळते.

पण आपल्या बाबतीत हेडस्पेसच्या आधी एक पायरी आहे, आणि ती बहुतेक जण विसरतात. आपला बोल्ट या सांगाड्याचा नाही. ली-एन्फील्डमध्ये बोल्ट मागच्या बाजूने अडकतो: उजवीकडे त्याची लांब बरगडी आणि डावीकडे एक खुंटी, या दोन्ही सांगाड्याच्या दोन खांद्यांवर एकाच वेळी टेकल्या पाहिजेत. कारखान्यात बोल्ट त्या त्या सांगाड्याला हाताने जुळवून बसवत आणि म्हणूनच दोन्हींवर एकच क्रमांक ठोकत असत; तो क्रमांक संग्राहकांच्या हौसेसाठी नव्हता. परका बोल्ट घातला की बरेचदा एकच बाजू टेकते, दुसरी केसाएवढी अधांतरी राहते, आणि सगळा भार एका खांद्यावर येतो. दोन्ही टेकण्याच्या जागांवर निळ्या शाईचा पातळ थर द्यावा, बोल्ट काही वेळा बंद-उघड करावा आणि शाई कुठे पुसली जाते ते पाहावे. हे काम शस्त्र-कारागिराकडूनच करून घ्यावे. त्याला दहा मिनिटे लागतात आणि आपल्याला ते पहिल्यांदा करताना दिवस लागेल.

आणखी एक. नवे हेड बोल्टमध्ये हाताने पूर्ण घट्ट बसवल्यावर त्याची बाजू बोल्टच्या बरगडीच्या रेषेत आली पाहिजे. ते त्या रेषेच्या पलीकडे बरेच फिरत असेल तर आटे झिजले आहेत किंवा हेड आखूड आहे, आणि मग धक्का आट्यांवर येतो. तो यायला नको असतो.

क्रमांक न जुळण्यावरून लगेच कुणाला दोष देऊ नये. या रायफली दशकानुदशके दुरुस्तीच्या कार्यशाळांतून फिरत राहिल्या. कित्येक वेळा बोल्टांचे एक पिंप आणि सांगाड्यांचे दुसरे असे असायचे. सांगाड्यावर ‘एफ. टी. आर.’ आणि त्यापुढे साल अशी खूण आढळली, तर ती कारखान्यात पूर्ण दुरुस्त झालेली आहे. त्याच्या उलट ‘डी. पी.’ आढळले तर ती फक्त कवायतीसाठी ठरवलेली आहे आणि तिच्यातून गोळी झाडण्याचा विचारच सोडून द्यावा. ‘ई. वाय.’ असेल तर ती एके काळी बाँब फेकण्यासाठी वगैरे वापरली गेली असू शकते. अशांच्या पुढच्या लाकडाभोवती तार गुंडाळलेली असे, आणि आपले लाकूड कापलेले असल्यामुळे तो पुरावा नाहीसा झालेला असू शकतो. म्हणून ही अक्षरे कड्यावर, नळीवर आणि सांगाड्यावर सावकाशपणे शोधावीत. आपले नावच ते आहे.

सावकाश

सगळीकडे शोधले. ‘डी. पी.’ नाही, ‘ई. वाय.’ नाही, ‘एफ. टी. आर.’ही नाही. बोल्ट शाई लावून तपासण्यासाठी कारागिराकडे देईन.

दरम्यान कुंदा बदलून नेहमीच्या लांबीचा घ्यावा असे वाटते. कुंद्याच्या मागच्या पितळी पट्टीतले छोटे दार उघडले की आत खोलवर एका लांब बोल्टचे डोके दिसते. मोठा पेचकस घालून ते सोडवले की कुंदा निघेल ना?

जुना आर्मरर

थांबा! आधी पुढचे लाकूड काढा.

हे उद्गारचिन्ह मी विनाकारण घातलेले नाही. नंबर १मध्ये त्या लांब बोल्टचे पुढचे टोक चौकोनी असते आणि ते कड्यातून पलीकडे निघून पुढच्या लाकडाच्या मागच्या तोंडात बसवलेल्या एका पट्टीच्या खाचेत घट्ट अडकलेले असते, जेणेकरून बोल्ट आपोआप ढिला होऊ नये. पुढचे लाकूड जागेवर असताना मागून तो फिरवला, की ते चौकोनी टोक खाचेत फिरू पाहते आणि लाकूड आतून फाटते. मी शिकाऊ असताना नेमके हेच केले. पेचकस जड लागला, मी आणखी जोर लावला, ‘टच्’ असा बारीकसा आवाज आला आणि पेचकस एकदम हलका झाला. मला वाटले गंज सुटला. वस्तादांनी काही न बोलता रायफल माझ्या हातातून घेतली, पुढचे लाकूड उतरवले आणि मागच्या तोंडापासून मधोमध गेलेली केसासारखी रेघ मला नखाने दाखवली. ते लाकूड त्यांनी माझ्या कामाच्या जागेवर खिळ्याला टांगून ठेवले होते, मी तिथून बाहेर पडेपर्यंत.

क्रम असा: मॅगझिन काढा, बोल्ट काढा, चापाच्या कड्याचे स्क्रू काढा, कडे उतरवा, पुढचे लाकूड सरळ खाली ओढून मोकळे करा, आणि मगच कुंद्याच्या बोल्टला हात लावा. जोडताना उलट क्रम, आणि बोल्टचे चौकोनी टोक शेवटी अशा स्थितीत थांबले पाहिजे की पट्टीची खाच त्यावर सहज बसेल.

रंधा

लाकडाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो.

पुढचे लाकूड उतरवाल तेव्हा चापाच्या कड्याच्या पुढच्या स्क्रूभोवती एक लहान पोलादी नळी आहे का ते अवश्य पाहा. करंगळीच्या पेराएवढीही नसते. स्क्रू आवळताना लाकूड चेपले जाऊ नये म्हणून ती असते, आणि लाकूड कापणाऱ्यांच्या हातून ती हमखास हरवते, कारण उलटे धरले की ती टपकन पडते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ती नसेल तर स्क्रू आवळत जाल तसतसे लाकूड दबत जाईल आणि मॅगझिनची जागाही हलेल. आपले मॅगझिन न अडकण्यामागे हेही एक कारण असू शकते. त्यामुळे नवे मागवण्याआधी हे तपासा.

चापाचेही तसेच आहे. नंबर १मध्ये चाप त्याच्या कड्याला जोडलेला असतो, सांगाड्याला नाही. कडे लाकडावर बसते. म्हणजे लाकूड फुगले किंवा आकसले की चापाची ओढ बदलते. हा त्रास नंबर ४ मार्क २मध्ये १९४९पासून चाप थेट सांगाड्यावर टांगून दूर करण्यात आला. चाप फार हलका किंवा फार जड वाटला तर कानस शोधण्याआधी लाकूड आणि स्क्रू पाहावेत. (कानसवीर, हे आपल्याला उद्देशून नाही. थोडेसे आहे.)

मूळचे पूर्ण लष्करी लाकूड परत चढवावे का, हा प्रश्न आपण विचारला नाही, पण विचाराल. मिळते, जुने वापरलेलेही मिळते. मात्र नुसते लाकूड घेऊन भागत नाही. तोंडाकडचे टोपण, नळीला खालून वर दाबणारी स्प्रिंगची खुंटी, मधली कडी, वरचे लाकडी आवरण, त्याच्या पट्ट्या आणि त्यांचे स्क्रू हे सगळे लागते, आणि शेवटी सांगाड्याच्या मागे जिथे लाकूड धक्का सोसते ते दोन खांदे बिनफटीचे बसवावे लागतात. तिथे फट राहिली तर पहिल्या काही फैरींतच नवे लाकूड मागून फाटते. जिने एवढी वर्षे शिकारी रूपात काढली आहेत, तिला तसेच राहू द्यावे, असे माझे मत. कापलेल्या लाकडावर तुमच्या आजोबांच्या हाताची झिलई आहे. ती नव्या लाकडावर येणार नाही.

तेलाची चिंधी

रंधा यांच्याशी सहमत. एक पुरवणी: कित्येक देशांत सांगाडा, नळी आणि बोल्ट हे परवान्याखालचे भाग आहेत, स्प्रिंगा आणि लाकूड तसे नाहीत. दुसरा बोल्ट मागवायचा ठरला तर आपल्या परवान्यात तो बसतो की नाही हे मागवण्याआधी विचारून घ्यावे, पार्सल आल्यावर नव्हे.

सावकाश

सर्वांचे आभार. आजवर काय झाले ते क्रमाने नोंदवतो, कारण पुढे कुणाला उपयोग होईल.

पुढचे लाकूड आधी उतरवले. रंधा यांनी सांगितलेली पोलादी नळी नव्हतीच. स्क्रूच्या भोकाभोवती लाकूड नखाच्या जाडीइतके आत दबलेले होते. ती नळी मिळाली, दबलेली जागा कारागिराने भरून घेतली. कुंद्याच्या बोल्टचे टोक खरोखरच चौकोनी निघाले आणि ते पाहून मला जुन्या आर्मररांच्या खिळ्याला टांगलेल्या लाकडाची आठवण झाली. कुंदा नेहमीच्या लांबीचा बसवला. ‘एल’चा कुंदा जपून ठेवला आहे.

नंबर १ मार्क ३ असे स्पष्ट लिहून मागवलेले मॅगझिन खटकन अडकले. पाच खोट्या काडतुसांनी भरून पाहिले. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या मागे राहिली की ती एकमेकांत अडतात, हे तिथेच शिकलो. कड पुढे ठेवून भरल्यावर चार सरळ गेली. तिसऱ्याचे नाक मात्र दर वेळी चेंबरच्या काठाला लागते. मॅगझिनचे ओठ रायफलीनुसार किंचित वळवावे लागतात, असे कारागीर म्हणाला आणि ते काम त्याने स्वतःकडे ठेवले आहे.

आकडा आणि स्प्रिंग नवी बसली. नंबर १चे बोल्ट हेड दुसऱ्या प्रयत्नात मिळाले. ते बरगडीच्या रेषेत येऊन थांबते. ०.०६४च्या चकतीवर बोल्ट बंद होतो, ०.०७४वर होत नाही.

आणि तरीही काम झालेले नाही. निळ्या शाईत डावी खुंटी स्वच्छ पुसली गेली, उजव्या बरगडीवरची शाई जशीच्या तशी राहिली. कारागिराने दोनदा करून पाहिले. बरगडी टेकावी म्हणून डावी बाजू दगडावर घासून उतरवता येईल, पण तसे केल्यावर हेडस्पेस पुन्हा मोजावे लागेल आणि कदाचित हेड पुन्हा बदलावे लागेल. किंवा दोन्ही बाजूंनी टेकणारा दुसरा बोल्ट शोधावा लागेल. परवान्यासंबंधीचा अर्ज दिला आहे. तोवर बोल्ट कारागिराकडे आणि रायफल कपाटात, अशी दोघांची ताटातूट केली आहे.

जुना आर्मरर

घासण्यापेक्षा दुसरा बोल्ट शोधावा. दोन-तीन बोल्ट लावून पाहण्यासाठी मिळत असतील तर तिन्ही शाई लावून पाहा. त्यांतला एखादा जणू याच सांगाड्यासाठी घडवल्यासारखा बसतो, असे मी बऱ्याच वेळा पाहिले आहे. बसला की हेडस्पेस पुन्हा पहिल्यापासून मोजा, आणि निकाल इथे कळवा.